कोमट पाणी

"आई, बुडतंय ते! काढ त्याला बाहेर!"

आवाज वृंदाचा होता, म्हणून मी हातातलं वर्तमानपत्र तसंच टाकून मागच्या अंगणाकडे पळालो. आमच्या घरात तिचा आवाज उमटून दोन आठवडे होऊन गेले होते.

न्हाणीच्या दगडापाशी तांब्याचं घंगाळ काठोकाठ भरलेलं होतं. एका बाजूला माझी बायको हेमा उकिडवी बसली होती. दुसऱ्या बाजूला वृंदा, अनवाणी, एक हात पोटावरच्या टाक्यांवर दाबून धरलेला आणि दुसरा कोपरापर्यंत पाण्यात. पायरीवर हेमाचा भाऊ विलास बशीतून चहा पीत होता.

"बुडेल कसं? कासव आहे ते," विलास म्हणाला. "पोहतंय. मजा करतंय."

"मामा, ते तळाला बसलंय!"

तिने ते वर काढलं. बुंदीच्या लाडवाएवढं पिल्लू होतं. काळी पाठ, पाठीवर चांदण्या काढाव्यात तशा पिवळ्या रेघा. मान सुतळीसारखी लोंबत होती. वृंदाने त्याचं तोंड खाली धरून त्याला हलकेच हलवलं. नाकातून पाण्याचा थेंब आला, मग एक बुडबुडा. मग मागचा एक पाय हवेत चालल्यासारखा हलला.

"आहे, आहे, जिवंत आहे," मी म्हणालो. खात्री मला मुळीच नव्हती.

"बाबा, टॉवेल."

मी धावत जाऊन टॉवेल आणला. माझा, पंढरपुरी पंच्यासारखा खरखरीत.

"हा नको. मऊ काहीतरी. दुपटी कुठे आहेत?"

हेमाने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. दुपटी, टोपडी, लंगोट, सगळं आम्ही ट्रंकेत भरून माळ्यावर टाकलं होतं, वृंदा दवाखान्यातून घरी यायच्या आदल्या दिवशी.

"माळ्यावर आहेत," मी म्हणालो.

"मग काढा ना."

मी स्टूल आणायला गेलो. मागून हेमाचा आवाज आला, रडवेला आणि चिडका, "पाण्यातलं जनावर म्हणून पाण्यात सोडलं, त्यात माझं काय चुकलं? देवळात गेलं की कासव, विहिरीत वाकलं की कासव. ते बुडतं हे मला कुणी सांगितलं होतं?"

वृंदा पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे बार्शीला आली होती. आठव्या महिन्यातच तिच्या पोटात दुखायला लागलं आणि ऑपरेशन करावं लागलं. मुलगी झाली. चार दिवस काचेच्या पेटीत होती. पाचव्या दिवशी सकाळी गेली. वृंदाला तेव्हा खूप ताप होता. तिला आम्ही दुसऱ्या दिवशी सांगितलं.

घरी आल्यापासून ती मधल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून होती. दूध येत होतं, ते आटावं म्हणून हेमा तिची छाती कापडाने घट्ट बांधायची आणि बांधताना दोघींपैकी कुणी बोलायचं नाही. जेवणाचं ताट तसंच परत यायचं. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "हिला एकटं सोडू नका. अन्नावरची वासना गेली आहे, ते लक्षण चांगलं नाही." त्या दिवशी घरी येऊन मी न्हाणीघराची आतली कडी काढून टाकली आणि मागच्या आडावर फळ्या घातल्या. फळ्यांवर दगड ठेवले. मग ते दगड तिला उचलता येतील का, म्हणून आणखी मोठे ठेवले.

विलासचा स्वतःचा ट्रक होता. बार्शी ते हैदराबाद खेपा करायचा. वाटेत कुठल्याशा ढाब्यावर कुणी माणूस ही पिल्लं विकत होता, त्यातलं एक त्याने बर्फीच्या रिकाम्या खोक्यात घालून आणलं. "घरात कासव आलं की पीडा जाते, दाजी," असं मला सांगून त्याने ते हेमाच्या हातात दिलं. प्रवासातून आलेल्याला आंघोळ घालावी, एवढाच विचार हेमाने केला. आणि त्या चुकीमुळे माझी मुलगी अंथरुणातून उठली.

दुपट्यात गुंडाळलेलं पिल्लू मांडीवर घेऊन वृंदा मला म्हणाली, "बाबा, तुमच्या पुस्तकांत बघा. हे जमिनीवरचं असणार. पण मग याला पाणी किती लागतं, कसं द्यायचं, आंघोळ घालायची की नाही, सगळं बघा."

मी गावातल्या वाचनालयात ग्रंथपाल होतो. माझा सगळा जन्म पुस्तकं हुडकण्यात गेला, पण घरच्या कुणी मला कधी एखादी गोष्ट पुस्तकात बघायला सांगितली नव्हती. मी त्याच पावली गेलो. कॉलेजच्या पोरांसाठी घेतलेल्या जाड ग्रंथात कासवाच्या हृदयाला कप्पे किती हे होतं, आंघोळीचं काही नव्हतं. शेवटी, घरी पाळायच्या प्राण्यांविषयी कुणा साहेबाने लिहिलेलं एक कसर लागलेलं पुस्तक मिळालं. त्यात अर्धं पान होतं. ते मी पाठ केलं आणि घरी येऊन धडा म्हणावा तसं म्हणून दाखवलं.

"पसरट भांडं घ्यायचं. पाणी त्याच्या हनुवटीच्या खाली राहील इतकंच. कोमट. त्यात थोडा वेळ उभं करायचं. ते पाणी पितं, त्यातच घाण करतं, मग पाणी बदलायचं. एक क्षणही एकटं सोडायचं नाही, उलटं झालं तर बोटभर पाण्यातही बुडतं. नंतर कोरडं पुसायचं. साबण नाही, तेल नाही."

"तेल नाही?" हेमा म्हणाली. "तेलाशिवाय आंघोळ कसली?"

"तेलाने पाठीवरची भोकं बुजतात म्हणे."

"कोण म्हणे?"

"पुस्तक."

"पुस्तकाने किती पोरं न्हाऊ घातलीत?"

वृंदा हसली नाही. पण ती मान वर करून आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत होती, हेच मला पुष्कळ वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी अंगणात ऊन उतरलं की आंघोळ सुरू झाली. हेमाने घंगाळ आत नेऊन ठेवलं आणि पिठाची छोटी परात दिली. पाण्याचं काम माझ्याकडे आलं. मी पहिल्या दिवशी बोट बुडवून म्हणालो, "ठीक वाटतंय. जरा गरम आहे का? नाही, ठीक आहे. की गार झालं?"

"बोट काय बुडवताय?" हेमा म्हणाली. "बोटं राकट असतात, त्यांना कळत नाही. तान्ह्याचं पाणी कोपराने बघायचं असतं."

मी बाही वर करून कोपर बुडवलं. पासष्टीला टेकलेला माणूस परातीत कोपर घालून आकाशाकडे बघत बसलेला, हे दृश्य भिंतीपलीकडून आमच्या शेजारीण गोदूताई लोखंडे बघत होत्या.

"काय हो, हात भाजला की काय?"

"नाही, पाणी बघतोय."

"सापडलं का?"

तेव्हा वृंदा हसली. अगदी थोडं, नाकातून. हेमाने पटकन पदर तोंडाला लावला आणि आत गेली.

वृंदा त्याला दोन बोटांत धरून परातीत उभं करायची. ते आधी पाय आत ओढून दगड होऊन बसायचं. मग मान बाहेर यायची, हनुवटी पाण्याला टेकायची आणि गळ्याची कातडी हलायला लागायची. "प्यायला लागलं," वृंदा हळूच म्हणायची. आम्ही दोघं श्वास रोखून त्याचं पाणी पिणं बघत असू. मग ती कापसाच्या बोळ्याने त्याचे पाय पुसायची, मानेची वळी पुसायची, डोळ्यांच्या कडा पुसायची. हे सगळं ती फार सावकाश करायची. मला वाटायचं, एवढं काय पुसायचं आहे त्या एवढ्याशा जिवाला. पण मी तसं बोललो नाही. आपल्याला कळत नसलेल्या गोष्टींबद्दल मी सहसा बोलत नाही.

त्याला मेथीची पानं आणि जास्वंदीचं फूल लागायचं. "गणपतीने आजपासून दूर्वांवर भागवावं," असं म्हणत हेमा झाडावरची सगळी फुलं कासवाला द्यायची. ते खायला लागलं की वृंदा शेजारी बसून अर्धी भाकरी खायची. पुढे पुढे एक. विलासने एकदा खेपेवरून येताना विचारलं, "काय गं, लक्ष्मी काय म्हणतेय?"

"तिला नाव नाही ठेवायचं, मामा."

"अगं, नावाशिवाय हाक कशी मारणार?"

"नाही मारायची हाक."

विलास माझ्याकडे बघून पायरीवर चपला काढायला बसला.

एके दिवशी आंघोळ झाल्यावर हेमा धुपाटणं घेऊन आली. तान्ह्याच्या धुरीसारखं निखाऱ्यांवर ओवा आणि वावडिंग टाकलं होतं, पांढरा धूर लोळत येत होता. तिने ते परातीशेजारी ठेवलं आणि दुपट्यातल्या पिल्लासाठी हात पुढे केले. तिचं भान हरपलं होतं की ती सगळं जाणून करत होती, हे मला आजही सांगता येणार नाही.

"आई, नको," वृंदा म्हणाली. रागावून नाही.

हेमाने धुपाटणं उचललं. थोड्या वेळाने मी पाणी प्यायला आत गेलो, तर ती स्वयंपाकघरात ते समोर ठेवून एकटीच धुरात बसली होती.

उन्हाळा चढत गेला तसं पिल्लाचं खाणं कमी झालं. आधी आम्हाला वाटलं, उन्हाने. मग त्याचा एक डोळा उघडेना. नाकाशी सारखा फेसाचा बुडबुडा येऊ लागला. वृंदाने त्याच्या पाठीवर बोट दाबून मला दाखवलं. पाठ ओल्या पुठ्ठ्यासारखी दबली.

"आपलं काही चुकलं का, बाबा? पाणी गार होतं का एखाद्या दिवशी?"

"नसावं," मी म्हणालो. आणि त्या दिवसापासून मी दोन्ही कोपरं बुडवू लागलो.

मी त्याला घेऊन जनावरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर कडेकर एका बैलाच्या खुरातून खिळा काढत होते. त्यांनी हात धुतले आणि खोक्यात डोकावून पाहिलं.

"ग्रंथपाल, हे काय आणलंत? मी गाईम्हशींचा माणूस. याची नाडी कुठे असते तेसुद्धा मला माहीत नाही." तरी त्यांनी ते तळहातावर घेतलं, उलटंसुलटं केलं, नाकाशी कान नेला. "हे घरात ठेवायला बंदी आहे, ठाऊक आहे ना? जंगलखात्याचा गुन्हा आहे."

"ठाऊक नव्हतं. मुलीसाठी..." मी अडखळलो.

गावात सगळ्यांना सगळं माहीत असतं. त्यांनी बंदीचा विषय सोडून दिला. "छातीत पाणी झालंय. पाठ मऊ पडलीय ती आजची नाही. हे लोक पिल्लं पोत्यात भरून आणतात, दिवस दिवस अंधारात, पाण्याविना. शंभरातली दहा जगत असतील. तुमचं काही चुकलं नाही. पण हे काही राहायचं नाही."

घरी आलो तर दारातच वृंदा उभी. "काय म्हणाले?"

"आपलं काही चुकलं नाही म्हणाले."

"जगेल का?"

मागे हेमा उभी होती. ती डोळ्यांनी, भुवयांनी, हातांनी मला खुणावत होती.

"त्यांना वाटत नाही," मी म्हणालो.

वृंदाने खोकं माझ्या हातातून घेतलं आणि आत गेली. त्या दुपारी तिने जेवायला नकार दिला. हेमाने मला स्वयंपाकघरात गाठलं. "एक शब्द खोटा बोलता आला नाही तुम्हाला? एक? चार घास खात होती पोर. जिवावर आलं होतं का बरं होईल म्हणायला?"

"मला सुचलं नाही, हेमा."

"तुम्हाला कधीच काही सुचत नाही. पुस्तकात नसलेलं काही सुचतच नाही."

मी मागे जाऊन आडावरचे दगड नीट बसवले.

शिरीष, आमचे जावई, पुण्याला नोकरीत होते. सव्वा महिना पुरा होत आला होता आणि ते वृंदाला न्यायला येणार असा त्यांचा निरोप आला. त्यांच्या आईचं म्हणणं होतं की आपल्या घरी आली, कामाला लागली, की सावरेल. वृंदाला सांगितलं, तर ती "बरं" म्हणाली. ते "बरं" ऐकून हेमा आणि मी, दोघांनाही बरं वाटलं नाही.

शिरीष यायच्या आदल्या सकाळी हेमाने मला हलवून उठवलं. खोकं तिच्या हातात होतं.

"गेलं," ती कुजबुजली. "आता माझं ऐका. विलास सोलापुरात आहे, त्याला फोन करायचा. तो दुसरं आणेल. सगळी सारखीच दिसतात. तोवर डॉक्टरांकडे ठेवलंय म्हणून सांगायचं. उद्या ती जाईल. पुढचं पुढे."

"तिला कळेल."

"तुम्ही तोंड उघडलं नाहीत तर नाही कळणार!"

"आई," दारातून वृंदा म्हणाली, "पाणी तापवलंस का?"

ती किती वेळ तिथे उभी होती कोण जाणे. तिने हेमाच्या हातातून खोकं घेतलं, आत पाहिलं, झाकण लावलं आणि अंगणात गेली. नेहमीच्या जागी, नेहमीसारखी मांडी घालून बसली. "बाबा, परात."

मी परात ठेवली. हेमाने गरम पाण्याचं तपेलं आणलं, ओतताना थोडं सांडलं. मी गार पाणी मिसळलं.

"बघा."

मी बाही वर केली. कोपर नेहमीपेक्षा जास्त वेळ पाण्यात ठेवलं. "ठीक आहे," मी म्हणालो.

तिने पिल्लाला पाण्यात ठेवलं. आज त्याची हनुवटी पाण्यात जाऊ नये म्हणून तिने बोटाचा आधार दिला. त्याची आता काही गरज नव्हती, पण दिला. पाय पुसले, मानेची वळी पुसली, मिटलेल्या डोळ्यांच्या कडा पुसल्या. पाणी बदलून पुन्हा एकदा सगळं केलं. मग दुपट्यावर ठेवून कोरडं केलं.

"बाबा, तिला आंघोळ घातली होती?"

"काल घातली की. आपणच," मी म्हणालो.

"कासवाला नाही."

गोदूताईंकडचा नळ वाहत होता, त्याचा आवाज येत होता.

"वृंदे, कशाला आता ते..." हेमाने सुरुवात केली.

"आई, तू थांब. मी बाबांना विचारतेय."

"नाही," मी म्हणालो.

"एकदाही नाही?"

"पेटीत होती तेव्हा सिस्टर म्हणाल्या, वजन कमी आहे, अंगाला पाणी नको. कापसाने पुसायच्या."

"आणि नंतर? न्यायच्या आधी?"

"विलास म्हणाला, एवढ्या लहान जिवाला काही लागत नाही. मंत्र नाही, आंघोळ नाही. ऊन वाढत होतं. सगळेच घाईत होते. दवाखान्याच्या चादरीतच नेली."

वृंदा दुपट्याची कड दुमडत होती, उलगडत होती. "मी तिला हात लावला नाही, बाबा. पेटीची काच तेवढी होती. आणि नंतर तुम्ही कुणी मला दाखवलीसुद्धा नाही."

"तुला ताप होता गं," हेमा म्हणाली. "अंगाची लाही होत होती. सगळ्याजणी म्हणाल्या, ओल्या बाळंतिणीला दाखवू नये. मन धरून बसतं."

"बसलंच की धरून, आई."

हेमाने तोंड फिरवलं.

"तुम्ही पाहिलीत ना तिला? कशी होती?"

मी सांगायला लागलो. मला वाटतं, त्या दिवसाइतकं सलग मी आयुष्यात कधी बोललो नसेन. केस पुष्कळ होते, ओले नसूनही कपाळाला चिकटलेले. नखं तांदळाच्या कणीएवढी. हनुवटी तुझी होती, असं मला वाटलं. पण एवढ्याशा चेहऱ्यात हनुवटी ओळखू येते का, माहीत नाही. डावी मूठ मिटलेली होती, उजवी नव्हती. की उलट. माझं संपल्यावर वृंदा म्हणाली, "कुठे ठेवलीत?"

"स्मशानाच्या मागे, ओढ्याच्या अंगाला. लहान मुलांची जागा आहे तिथे."

"मला न्या."

"अगं, सव्वा महिना पुरा नाही झाला तुझा!" हेमा म्हणाली. "बाळंतीण बाई स्मशानात जाते का कुठे? लोक काय..." आणि ती थांबली. बराच वेळ ती परातीकडे बघत राहिली. मग उठून आत गेली. भांड्यांचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात थर्मास होता, बाळाच्या रात्रीच्या पाण्यासाठी म्हणून आणलेला, अजून किमतीची चिठ्ठीही न काढलेला.

"यात पाणी भरलंय," ती म्हणाली. "जास्त गरम नाही. तिथे जाऊन पुन्हा बघा." मग वृंदाच्या डोक्यावरून पदर घ्यावा तशी ओढणी नीट करत म्हणाली, "मी येत नाही. मला नाही जमायचं. पिल्लाचं मी बघते."

रिक्षा ओढ्याच्या अलीकडे थांबवली. रिक्षावाला बाईमाणसाला तिथे सोडायला नाखूश होता. आम्ही चालत गेलो. जमीन भाजून निघालेली, ओढा कोरडा. दोन बाभळी होत्या, एकमेकींपासून बऱ्याच अंतरावर, आणि त्यांच्यामधे सगळीकडे लहान लहान उंचवटे, त्यांवर कुत्र्यांनी उकरू नये म्हणून टाकलेल्या काट्या. बऱ्याच काट्या शेळ्यांनी ओढून इकडेतिकडे केल्या होत्या.

"कुठली?"

मी चष्मा पुसला. एका बाभळीपाशी गेलो. मग दुसरीकडे बघितलं. त्या दिवशी विलासने खड्डा केला, शिरीषने तिला आत ठेवलं, मी मीठ घातलं. डोळे भरले होते म्हणून चष्मा हातात होता. आणि परत निघताना मागे वळून बघायचं नसतं, विलासने बजावलं होतं. मी पाळलं. असल्या गोष्टी मी पाळतो.

"बाबा?"

"मला नक्की सांगता येत नाही, वृंदा. सावली होती, एवढं आठवतं. या बाभळीची की त्या, ते... विलास आला की त्याला विचारू."

"मामाला नको. मामा कुठलंही झाड दाखवेल."

"शिरीषला उद्या..."

"त्यालाही नको." ती माझ्याकडे बघत होती. रागावली असेल असं मला वाटलं, पण तसं नव्हतं. "तुम्हाला काय खात्रीने सांगता येईल?"

मी विचार केला. "या दोन झाडांच्या मधे आहे. याच्या पलीकडे नाही, त्याच्याही पलीकडे नाही."

"चालेल," ती म्हणाली.

तिने थर्मासचं टोपण काढून त्यात थोडं पाणी ओतलं आणि माझ्यापुढे धरलं. मी बाही वर करून कोपरावर घेतलं. "ठीक आहे. कोमट आहे."

पहिल्या बाभळीच्या बुंध्याशी ती वाकली आणि बारीक धारेने पाणी सोडत सोडत, काट्या चुकवत, एकेका उंचवट्यावरून पुढे सरकू लागली. दुसरा हात ती धारेखाली धरून होती, पाणी अंगावर एकदम पडू नये म्हणून धरतात तसा. मी शेजारून चालत होतो. जमीन पाणी घेत होती आणि आवाजही करत नव्हती.

अर्ध्या वाटेत थर्मास रिकामा झाला. तिने तो उलटा धरला, हलवला. शेवटचा थेंब पडेपर्यंत धरून ठेवला.

"मी आणतो," मी म्हणालो. "रिक्षाने जाऊन येतो."

मी आजूबाजूला पाहिलं. नळ नव्हता, हापसा नव्हता, ओढ्यात दगडगोटे तेवढे. आणि तिला तिथे एकटीला ठेवून जाण्याचं मला धैर्य नव्हतं. ते तिलाही कळलं.

"राहू द्या," ती म्हणाली. "चला."

दुसऱ्या दिवशी शिरीष आले आणि दुपारच्या गाडीने दोघं गेली. स्टँडवर गाडी सुटायच्या वेळी वृंदाने खिडकीतून थर्मास माझ्या हातात दिला. शिरीषना वाटलं, घरचा म्हणून परत देते आहे.

"उरलेलं तुम्ही घाला," ती म्हणाली. "कोमट बघून."

"हो."

"नक्की?"

"हो."

त्यानंतर वृंदा माहेरी राहायला म्हणून कधी आली नाही. सणावाराला यायची, सकाळी येऊन संध्याकाळी जायची. मूल पुन्हा झालं नाही. व्हावं असं तिला वाटलं का, हे विचारायला हेमाला धीर झाला नाही आणि मला तर नाहीच.

पण ते नंतरचं. ती गेली त्याच्या दुसऱ्या सकाळी हेमाने पाणी तापवून दिलं आणि मी थर्मास घेऊन ओढ्याकडे गेलो. जाताना रिक्षा केली नाही. दोन्ही बाभळी होत्या तिथेच होत्या. मी मधल्या भागात उभा राहून बघितलं. वाकून बघितलं. गुडघे टेकून, चष्मा पुसून, मातीवर हात फिरवून बघितलं. सगळी जमीन एकसारखी कोरडी होती. परवाचं पाणी कुठपर्यंत आलं होतं, ते मला ओळखता येईना.

मग मी परत पहिल्या बाभळीपाशी गेलो, टोपणात पाणी ओतून कोपरावर घेतलं, आणि बुंध्यापासून सुरुवात केली.